मुरलेल्या चरबीचा तपासणी दौरा

सोमवार, ३ जून. व्हिटबी.
दौरा सुरू! बार्न्सलीचं आमचं फिश अँड चिप्सचं दुकान आठवडाभर बायकोवर, एनिडवर टाकून आलोय. गिऱ्हाईक रोडावलंय, दुकान बुडायच्या आत समुद्रावर जाऊन चार गोष्टी शिकून ये, असं एनिडच म्हणाली. शिकून! उभा जन्म मासे तळण्यात गेला माझा! असो. मी तपासणीला आलोय. प्रत्येक दुकानात दोनच घास.

संध्याकाळी.
अख्खा हॅडक मासा खाल्ला. चिप्सही. यात दुकानाचं कर्तृत्व शून्य. समुद्राच्या वाऱ्यानं भूक लागते.

मंगळवार, ४ जून. स्कारबरो.
मासा फारच कुरकुरीत. संशयास्पद. तळणाऱ्या बाईला विचारलं, कढईतली तळणाची चरबी बदलता का? म्हणे, बदलायलाच लागते की. मी म्हटलं, आम्ही नुसती भर घालतो, जुनी चरबी लोणच्यासारखी मुरते. बाई आ वासून बघतच राहिली. धंद्यातलं गुपित असं फुकट सांगायला नको होतं.

बुधवार, ५ जून. फायली.
सीगलनं हातातला मासा पळवला आणि चक्क खाल्ला! आमच्या दारातले सीगल एक चोच मारून टाकून देतात. इथल्या पक्ष्यांना चव म्हणून नाही.
एनिडचा फोन. म्हणाली, मरायला फुरसत नाही. मला काळजी नको म्हणून खोटं बोलते बिचारी.

गुरुवार, ६ जून. ब्रिडलिंग्टन.
पँटचं बटण तुटलं. हल्ली शिलाईत दम नाही.

शुक्रवार, ७ जून. घरी.
न कळवता परतलो. शुक्रवारी सगळं गाव मासे खातं, एनिडची त्रेधा उडाली असणार.
बघतो तर रांग थेट चर्चपर्यंत! डोळे भरून आले. मी येणार हे यांना कळलं कसं?
मला पाहून चौघं रांग सोडून निघून गेले. शेजारचा म्हातारा हर्बर्ट कळवळून म्हणाला, अरे क्लिफर्ड, आजच्या दिवस तरी तिला तळू दे रे बाबा!
आत एनिड घामाघूम, पण गाणं गुणगुणत होती. कढईत चरबी नवीकोरी, आरपार तळ दिसत होता. मुरलेली कुठाय, विचारलं. म्हणाली, तू गेलास त्याच दिवशी फेकली. आणि इतक्यात कसा आलास? वेल्सचा किनारा राहिलाय की!
छातीत काहीतरी टोचलं. पण सगळी रांग म्हणाली, हो हो, वेल्स बघायलाच हवं. हर्बर्टनं टोपी फिरवून वर्गणी काढली, तिकीटही आणून दिलं. उद्याच निघायचंय.
माझ्या तपासणीवर लोकांचा भारी विश्वास. तिकीट तेवढं एका बाजूचंच आहे. परतीचं घाईत राहिलं असेल.