हजर आहे, आवाज येतोय का?

२९ मार्च
कोर्ट बंद. साथ ओसरेपर्यंत. बायकोने विचारलं, आता काय करणार? म्हटलं, इतिहास घडवणार. तिने भाजी चिरणं थांबवलं नाही. या साथीतून कायद्यापुढे असे प्रश्न उभे राहणार आहेत की आजवर कुणी ऐकले नसतील. पहिला हात घालेल त्याचं नाव निकालावर. ठराव: रोज सहाला उठून वाचन. बेडरूममध्ये कपाटाला टेकवून टेबल लावलं. आजपासून हे चेंबर.

३० मार्च
साडेनऊला उठलो. पण ताजातवाना.

६ एप्रिल
पहिली ऑनलाइन सुनावणी. वर काळा कोट, गळ्यात पांढरा बँड. खाली घरचंच. बोललो मात्र जबरदस्त, शेवटी तर टेबलावर मूठही आपटली. मग न्यायाधीशबाई म्हणाल्या, वकीलसाहेब, तुमचा माइक बंद आहे. पुढची तारीख. म्हणजे हरलो नाहीच.

१४ एप्रिल
कोपऱ्यावरच्या बेकरीवालीचा फोन. बेकरी तिच्या सावत्र वडिलांची. काका सध्या हॉस्पिटलात, आयसोलेशन वॉर्डात. तिची आई गेल्यापासून भट्टी तीच सांभाळते, हातावर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. काकांना बेकरी आणि वरच्या दोन खोल्या तिच्या नावावर करायच्यात. मृत्युपत्र झालं नाही तर सगळं त्यांच्या पुतण्याला. त्याने आयुष्यात कधी पीठ मळलेलं नाही, पण रक्ताचा आहे. सावत्र मुलीला कायद्यात जागा नाही. ती म्हणाली, साहेब, बाकी काही नको, माझी भट्टी तेवढी राहू दे. म्हटलं, निश्चिंत राहा. माझा शब्द.

१५ एप्रिल
सापडला! प्रश्न सापडला! काका मृत्युपत्रावर सही करतील तेव्हा दोन साक्षीदार समोर हजर पाहिजेत आणि त्यांनी ती सही होताना पाहिली पाहिजे. वॉर्डात तर कुणाला सोडत नाहीत. मग व्हिडिओवर पाहिलं तर ते हजर असणं का? अंगावर काटा आला.
बायकोला सांगितलं. म्हणाली, तो वॉर्ड तळमजल्यावर आहे, पार्किंगकडे खिडकी आहे. दोघांनी बाहेर उभं राहायचं, काचेतून बघायचं, घरी यायचं. म्हटलं, अगं, त्यात नवा प्रश्न कुठे आहे? म्हणाली, तिला प्रश्न हवाय की बेकरी?
बायकोला कायद्याची दृष्टी नाही.

१९ एप्रिल
टिपण तयार करतोय. 'हजेरी म्हणजे काय', अठरा पानं झाली. बेकरीवालीचे तीन फोन. बाबांना बोलताना धाप लागते, म्हणाली. कधी करू या? म्हटलं, घाईत केलेलं कोर्टात टिकत नाही.

२२ एप्रिल, रात्र
झालं! नर्सने फोन धरला, काकांनी सही केली. साक्षीदार क्रमांक एक मी. दोन माझा मेहुणा, विमा एजंट. तो कॅमेरा बंद करून बसला होता. म्हणाला, भावजी, नेट वाचवतोय. माझ्यामागे पुस्तकांच्या कपाटाचं चित्र लावलं होतं. बँड सारखा एका बाजूला सरकत होता, पण सांभाळलं. प्रत्येक पायरी मी मोठ्याने समजावून सांगितली, रेकॉर्डिंगमध्ये काही सुटायला नको. संध्याकाळी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद आला, आम्ही दोघांनी सह्या ठोकल्या.
बायकोला म्हटलं, बघितलंस? म्हणाली, तुमचाच आवाज येत होता सारखा.

२७ एप्रिल
काका गेले. बेकरीवालीला लांबूनसुद्धा तोंड बघू दिलं नाही. तिला फोन केला. मी बराच वेळ बोललो. वेळेत काम उरकलं म्हणून बरं. मी होतो म्हणून.

९ जुलै
पुतण्याने मृत्युपत्राला हरकत घेतली. उत्तम! हरकतच नसती तर निकाल कसा लागला असता? बेकरीवालीला फोन करून अभिनंदन केलं. ती म्हणाली, कशाचं, साहेब?

१८ ऑगस्ट
वकील त्याच केसमध्ये साक्षीदार असेल तर त्याला केस लढवता येत नाही. हे मला माहीत होतं. फक्त लक्षात नव्हतं. केस वर्गमित्राला दिली आणि अठरा पानंही. तो म्हणाला, बघतो रे. त्याचं हे 'बघतो' मी कॉलेजपासून ओळखतो.

३ सप्टेंबर
साक्ष. कोर्ट आता उघडलंय, सगळे प्रत्यक्ष हजर. आधी मेहुणा. काय पाहिलंत? म्हणाला, भावजींचा आवाज ऐकला. बरं, पाहिलंत काय? म्हणाला, मी जरा चहा ठेवायला उठलो होतो.
मग मी. न्यायाधीशबाई म्हणाल्या, व्हिडिओवर पाहणं म्हणजे हजर असणं, असं क्षणभर धरून चालू. (माझा प्रश्न! त्यांच्या तोंडी!) आता सही दाखवा.
रेकॉर्डिंग लावलं. जो बोलतो त्याचाच चेहरा त्यात येतो म्हणे. ही माहिती मला कुणी दिली नव्हती. चेहरा माझा. पुढे सरकवलं. मी. अजून पुढे. मी, बँड नीट करताना. बाई म्हणाल्या, यात ते गृहस्थ कुठे आहेत?
पुतण्याच्या वकिलाने विचारलं, सही कुठल्या हाताने केली? सांगणार होतो उजव्या. माणसं उजव्यानेच करतात. पण शपथ घेतली होती. आठवत नाही, म्हणालो. पाहिलंत तरी का? म्हणालो, पाहिलंच असेल.
नर्सचा शोध घेतला होता. पीपीई किटमध्ये सगळ्या सारख्या. हॉस्पिटलला आता तिचं नावही सांगता येत नाही.
बेकरीवाली मागच्या बाकावर. माझ्याकडे बघत नव्हती. रागावलीही नव्हती. तेच जास्त त्रासदायक.

२१ सप्टेंबर
निकाल. मृत्युपत्र शाबीत नाही. माझ्या प्रश्नाबद्दल एकच ओळ: 'हा मुद्दा योग्य प्रकरणात पाहता येईल.' म्हणजे बाईंनाही त्यात दम वाटतो. अपील करू, मी म्हटलं. ती म्हणाली, नको साहेब, आता पुरे. पुतण्याने आजच भट्टीला कुलूप लावलंय, वरच्या खोल्यांसाठी आठवडा दिलाय.
बायको दिवसभर खिडकीचं काही बोलली नाही. बोलली असती तर उत्तर तयार होतं.

२८ सप्टेंबर, सकाळ
बेकरीवाली दारात. हातात पेनड्राइव्ह. शेजारच्या गावात कुणाच्या तरी दुकानात काम मिळालंय, आज निघतेय. म्हणाली, साहेब, ते रेकॉर्डिंग द्याल? त्यात बाबांचा आवाज असेल ना? माझ्याकडे त्यांचं बोलणं काहीच नाही. म्हटलं, अर्थात. बस. बायकोने तिला पाणी दिलं.
आत येऊन पहिल्यापासून ऐकतोय. मी बोलतोय. मी बोलतोय. मग एकदा काका, सुरुवातीलाच. स्क्रीनवर क्षणभर छत आणि त्यांचं अर्धं कपाळ. म्हणतात, वकीलसाहेब, पोरीसाठी दोन शब्द बोलू का? मी म्हणतो, शेवटी बोला हं, काका.
शेवट दोनदा ऐकला. मी सगळ्यांचे आभार मानतो आणि मीटिंग बंद करतो.
बाहेरून बायको विचारतेय, सापडलं का हो?