फाटकापाशी मी काय म्हणालो

रविवार, दि. १२ जानेवारी १९८६

लिहून ठेवणार : सखाराम विठू परब, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण मराठी चौथी उत्तीर्ण, राहणार मुलुंड पूर्व, पहिला मजला. रेल्वेच्या मालधक्क्यावर एकतीस वर्षे शंटिंग जमादार, म्हणजे मालगाडीच्या वाघिणी मागे ढकलल्या जात असता इंजिनाच्या चालकास इशारा देणारा. एकतीस वर्षांत माझ्या इशाऱ्यावर एकही वाघीण भलत्या जागी आदळली नाही.

आज मोटारगाडी आदळली. तरी अक्षर बिघडू देणार नाही.

हकीगत अशी. चि. विलासने दिवाळीत जुनी आकाशी फियाट घेतली. तो मार्चमध्ये मस्कतला नोकरीवर जाणार. मागे गाडी सूनबाईने चालवावी असे ठरले होते. सौ. सुनीताने गेल्या महिन्यात परवाना मिळवला. आमच्या कुटुंबाचे गुडघे निकामी, बसची पायरी चढवत नाही, चार वर्षे दवाखान्यापलीकडे काही पाहिलेले नाही. सूनबाई आज तिला पवईच्या तळ्यावर नेणार होती. डब्यात पुऱ्या, वाटाण्याची उसळ.

आवारात गाडी वळत नाही, उलटीच फाटकाबाहेर काढावी लागते. विलास वर दाढी करीत होता. मी म्हटले, मी असता दुसऱ्या कोणाची आवश्यकता नाही. मागे उभा राहिलो. गाडी छान येत होती, अगदी रेघेत. मग किंचित डावीकडे आली, मी थांबण्यास सांगितले, ती थांबली नाही.

डाव्या खांबाला सोसायटीची संगमरवरी पाटी टेकवून ठेवली होती. सव्वीस जानेवारीस तिचे अनावरण. बरोबर ‘अध्यक्ष’ आणि ‘श्री. प्रधान’ यांच्या मधून तडकली.

श्री. प्रधान टॉवेलावरच खाली आले. सगळ्या गॅलऱ्या भरल्या. कोणीतरी वरून : “बाई बसली ना व्हीलवर, मग काय होणार?” हशा.

सूनबाई गाडीतून उतरली. पांढरी पडली होती. “अण्णा, मी तुमच्या सांगण्यावरच तर…”

श्री. प्रधान यांनी मला विचारले, “परब, तुम्ही मागे होतात. काय झालं?”

मी म्हणालो, “चालकाने थांबावयास हवे होते.”

विलासने सर्वांसमक्ष तिच्या हातातून किल्ली घेतली. पुऱ्या कोणी खाल्ल्या नाहीत.

सोमवार, दि. १३

श्री. प्रधान यांनी लेखी निवेदन मागितले. रविवारी सभा. मी दुपारी एकटाकी लिहून दिले. “मी थांबण्याचा इशारा स्पष्ट शब्दांत दिला होता. चालकाने तो पाळला नाही.” एकही खाडाखोड नाही.

सायंकाळी विलास : “मी गेल्यावर ही धूळ खात पडणार. विकून टाकतो. भांडुपचा एक जण रविवारी बघायला येतोय.”

सूनबाई भाकरी थापत होती. “बरं,” एवढेच म्हणाली.

“बरं काय? तूच सांग, उद्या रस्त्यात माणूस मधे आला तर?”

“बरं म्हटलं ना रे. वीक.”

कुटुंब आज माझ्याशी एक शब्दही बोलले नाही. गुडघे दुखत असतील.

मंगळवार, दि. १४. संक्रांत

कुटुंबाने हातावर तिळगूळ ठेवला आणि हात सोडला नाही. तिचे बोलणे जसेच्या तसे लिहितो, कारण पुढे उपयोगी पडेल.

“तुमी ‘हां हां’ म्हटलास. मी गॅलरीत उभी रवान आयकलंय.”

मी : “म्हणजे थांब.”

“माका कळता हो. पन्नास वर्सां आयकतंय. मी तापलेल्या भांड्याक हात लावूक गेलंय तर ‘हां हां’. पोर चुलीकडे गेला तर ‘हां हां’. पण आपली सून, ता चेडू, गाडीत बसलेला, पाठमोरा. तेका काय कळतला?”

मी म्हणालो, निवेदनात जे लिहिले ते सत्य आहे. मी थांबण्यासच सांगितले होते.

“तुमका खोटा बोलूक येणा नाय,” ती म्हणाली, “म्हणान तुमी लिवलास.”

दिवसभर ते शब्द मनात उलटेसुलटे करीत आहे. गाडी येत होती तेव्हा मी म्हणत होतो : “हां… येऊ दे… हां… येऊ दे…” तेथे ‘हां’ म्हणजे ये. नंतर म्हणालो : “हां हां हां.” तेथे ‘हां’ म्हणजे थांब. दोहोंमध्ये फरक किती? माझ्या कानाला जमीन-अस्मानाचा. काच वर केलेल्या गाडीत

येथे थांबलो होतो. आता लिहितो. यार्डात तोंडी इशारा हा इशाराच धरीत नसत. बावटा, कंदील, शिटी. मी स्वतः नव्या माणसांना हे शिकवले. मग त्या दिवशी हाताने का थांबवले नाही?

एका हातात पुऱ्यांचा डबा होता. दुसऱ्यात छत्री. जानेवारी महिन्यात छत्री. प्रतिष्ठेसाठी घेतो.

बुधवार, दि. १५

ज्याने सूनबाईस गाडी शिकवली तो पास्कल, मरोळच्या जुन्या गावठाणातला, पूर्वी टॅक्सी चालवीत असे. दोन बसेस बदलून त्याच्याकडे गेलो. घरी सांगितले, भजनास जातो.

त्याच्या अंगणात कोंबड्या, क्रुसाला झेंडूची माळ. मी प्रश्न सर्वसाधारण स्वरूपाचा विचारला. गाडी मागे घेताना कोणी ‘हां हां’ म्हटल्यास चालकाने काय समजावे?

“अण्णा, रिव्हर्सला ड्रायव्हर अर्धा डोळ्याने बघतो, अर्धा कानाने. ‘हां’ बोलला की मी येतो. ‘हां हां’ बोलला की बिनधास्त येतो.”

“आणि ‘हां हां हां’?”

“मग तर पाय दाबूनच येतो ना. थांबवायला ‘बस’ बोलायचं. गाडीवर हात मारायचा. कोण बोलला असा? येडा आहे काय तो?”

मी म्हटले, एक परिचित गृहस्थ.

पास्कल आत जाऊन चहा घेऊन आला. “सुनीताताईचा हात चांगला आहे, अण्णा. माझ्या हाताखालून दोनशे पोरं गेली, असा ब्रेक कुणाचा नाय. त्या परिचिताला सांगा.”

परतताना बसमध्ये जागा मिळाली, तरी बसवेना.

शुक्रवार, दि. १७

निवेदन परत घेण्याच्या निश्चयाने दुपारी एक वाजता श्री. प्रधान यांच्या दारी गेलो. उशीर झाला होता. त्यांनी ते जिन्याखालच्या फलकावर लावलेले. माझ्या हस्ताक्षरातील मूळ प्रत, चार टाचण्यांनी.

भोवती पाच-सहा मंडळी. “काय अक्षर आहे परबांचं, छापल्यासारखं.” “चौथी शिकलेत म्हणे.” “त्या वेळची चौथी, साहेब.”

कबूल करतो, बरे वाटले. जिन्याच्या तीन पायऱ्या चढेपर्यंत बरे वाटले. मागे वळलो तर सूनबाई शाळेतून येऊन तेच वाचत उभी होती. भांडुपच्या मुलांना ती निबंध शिकवते, वाचताना ओठ जरा हलतात.

“शुद्धलेखनाची एकही चूक नाही, अण्णा.”

मी एक पायरी खाली आलो.

“फक्त ‘चालकाने’ लिहिलंत. ‘सुनेने’ लिहिलं असतंत तरी चाललं असतं. सगळ्यांना ठाऊकच आहे.”

वर गेली.

माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. निवृत्तीच्या दिवशी घडी केलेले बावटे. हिरवा शाबूत. तांबडा कसरीने खाल्ला आहे, काठी तेवढी उरली. कुटुंब पाहत होते. काही न विचारता उठली, हळदीकुंकवात मिळालेला तांबडा ब्लाऊजपीस काढला आणि चष्मा लावून काठीला शिवू लागली.

“धाग्याचा टोक ओवून द्या,” म्हणाली. चार दिवसांतले पहिले गोड बोलणे.

झोप येईल असे वाटत नाही. असा उत्साह बढतीच्या हुकमाच्या दिवसांतही नव्हता.

रविवार, दि. १९

सर्व क्रमाने लिहितो, घाई करणार नाही.

सभा दहा वाजता आवारात. सतरंजी, खुर्च्या, तडकलेली पाटी टेबलावर प्रेतासारखी. भांडुपचे गिऱ्हाईकही आलेले, गाडीचे टायर लाथेने तपासत होते. मी पास्कलला बोलावले होते. तो इस्त्रीचा सदरा घालून आला.

श्री. प्रधान : “परबांचं निवेदन स्पष्ट आहे. चर्चेची गरज नाही.”

मी उभा राहिलो. म्हणालो, गरज आहे. मला येथे प्रात्यक्षिक करावयाचे आहे.

“कसलं प्रात्यक्षिक?”

“अपघाताचे.”

विलास : “अण्णा, बसा ना. लोक बघतायत.”

“बघण्यासाठीच आहे. तू गाडीत बस. काच वर कर. मागे पाहू नकोस, केवळ माझ्या शब्दांवर ये.”

पाटीच्या जागी तेलाचा रिकामा डबा ठेवला. मी एका हातात पुऱ्यांचा डबा घेतला, दुसऱ्यात छत्री, आणि त्याच जागी उभा राहिलो. विलासने गाडी मागे घेतली. मी म्हणालो : हां… येऊ दे… हां… येऊ दे… आणि मग, गेल्या रविवारी म्हणालो तसेच, त्याच आवाजात : हां हां हां.

तेलाचा डबा चपटा झाला. आवाज स्टेशनपर्यंत गेला असेल.

विलास दार उघडून बाहेर आला. “अण्णा, तुम्हीच तर हां हां म्हणालात.”

पास्कल हसू लागला, मग एकेक गॅलरी हसू लागली. गेल्या रविवारचा हशा सूनबाईला लागला होता, हा मला लागावा म्हणून मी टोपी काढून उभा राहिलो. विलास मात्र हसला नाही. आपल्या पायाकडे पाहत होता, ज्याने दाबले त्या पायाकडे.

मी म्हणालो : “आता सूनबाई बसेल.”

विलासच्या हाती किल्ली. देईना. “एवढ्या लोकांत नको अण्णा, परत काही झालं तर…”

पास्कल : “अरे दे ना यार. माझी शिष्या आहे.”

किल्ली मिळाली, पण ‘एकदाच’ असे बजावून. मी छत्री व डबा श्री. प्रधान यांच्या हाती दिले. त्यांनी ते घेतलेही. बावटे उलगडले. खांबाच्या पुढ्यात स्वतः उभा राहिलो, चपट्या डब्याच्या जागी मी. गॅलरीतून कुटुंब : “अहो, बाजूक व्हा.” झालो नाही.

हिरवा. गाडी आली. आरशात तिचे डोळे मला दिसत होते, तिला माझा बावटा. हिरवा. हिरवा हळू. एकतीस वर्षांचे सगळे हातात आले. तांबडा.

थांबली. माझ्या धोतराच्या निऱ्या आणि बंपर यांत चार बोटे. नंतर पास्कलने बोटे घालून मोजली.

फलकाकडे गेलो, टाचण्या काढल्या, ‘चालकाने’ खोडले, वर लिहिले ‘इशारा देणाऱ्याने’. पुढचे वाक्य व्याकरणात बसेना, म्हणून सबंध निवेदन खोडून खाली एकच ओळ लिहिली : “चूक माझ्या तोंडची आहे. स. वि. परब.” आयुष्यातली पहिली खाडाखोड. लोकांपुढे.

श्री. प्रधान : “पण ठरावात मी काय लिहू? ‘हां हां’ असं लिहू? आणि ध्वजवंदनाला आठवडा राहिला, पाटीचं काय?” छत्री अजून त्यांच्याच हातात होती. सभा तहकूब.

गिऱ्हाईकाने विचारले, “मग गाडी देणार की नाही?” विलास म्हणाला, “पुढच्या रविवारी या.” किल्ली पुन्हा त्याच्या खिशात गेली.

रात्री जेवताना सूनबाईने मला उसळ दुसऱ्यांदा वाढली. मी पुरे म्हणण्यासाठी हात आडवा केला, तोंडातून “हां हां” गेले. ती वाढतच राहिली.

“मला वाटलं, वाढ म्हणताय,” म्हणाली. हसली नाही. पण ओठ जरा हलले.

मग हळूच : “सकाळी सहाला आवार रिकामं असतं, अण्णा. बावटे घेऊन याल?”

सोमवार, दि. २०. सकाळी सहा वाजून दहा

खिशातील वहीत उभ्यानेच लिहितो, अक्षराबद्दल क्षमा मागत नाही, कारण आज अक्षर महत्त्वाचे नाही. मी फाटकापाशी आहे. दोन्ही हातांत बावटे, लिहिण्यापुरता एक काखेत धरला. डबा नाही, छत्री नाही. दुधाची गाडी येऊन गेली. खांब मोकळा.

सूनबाई पाच मिनिटांपूर्वी खाली आली. गाडीला कुलूप. तिने किल्ली मागितलेली नाही, मीही नाही. जिन्यात पावले वाजली. विलास बनियनवर खाली आला आहे. किल्ली त्याच्या हातात दिसते आहे. अद्याप दिलेली नाही.

समक्ष हजर : चि. विलास सखाराम परब, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. सौ. सुनीता विलास परब, चालकाच्या दाराशी. आमचे कुटुंब, वर गॅलरीत, पायांत बाहेरच्या चपला घालून.