बाबांचे चार सूर

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

आज एका लग्नात, मुलीच्या पाठवणीला, आमच्या बँडने पहिल्यांदाच मी लिहून दिलेलं वाजवलं. मुंबईला दोन वर्षं जॅझ शिकलो, प्रत्येक वाद्याचे सूर वेगळे लिहायला शिकलो. इथे सगळे बाबांच्या क्लॅरोनेटमागे एकच चाल वाजवतात. मला ते अडाणी वाटायचं. म्हणून चाल कॉर्नेटला दिली, आणि बाबांना खालचे चार सूर, मधेमधे विसावा. चारच.

कागद मी वाचून दाखवला तेव्हा "बरं केलं" एवढंच म्हणाले. रागावले असावेत, असं वाटलं. पण आठवडाभर परसात तेच चार सूर घोकत बसले.

आज कुणाचं काही चुकलं नाही. पण नवरीची आई कोरड्या डोळ्यांनी उभी. बाबांच्या क्लॅरोनेटला आजवर कुठली आई रडली नाही? मांडवातली एक म्हातारी मला म्हणाली, "तुहा बाप आज काहून वाजवून नाई राहिला?" ते वाजवत होते. तिच्यासमोरच.

घरी आल्याबरोबर मी कागद काढला. म्हटलं, बाबा, चाल परत तुमच्याकडे देतो. ते क्लॅरोनेट पुसत होते.

"राहू दे. पहिल्यासारखा दम नाई पुरत आता. मले वाटलं, तुले समजलं, म्हनून चारच देल्ले."

मी हो म्हटलं.

मला काहीच समजलं नव्हतं.