तेरवीच्या भाताबद्दल

तालुका नागभीड,
वैशाख वद्य पंचमी

तीर्थरूप नीलाबाईंच्या पायांशी, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे गुणवंताचा, लांबूनच नमस्कार.

इकडे मी बरा आहे. तिकडे वरोऱ्याला तुमचे गुडघे, साडभाऊंची साखर आणि तुमच्या नातीचा, दिव्यानीचा, दहावीचा निकाल हे सगळं ठीक असेल असं धरून चालतो. माझं पत्र पाहून दचकू नका. आकडसासूशी, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीशी, जावयानं थेट बोलायचं नाही या रीतीपायी चौतीस वर्षं आपण एका ओसरीत बसून वच्छलेमार्फत बोललो. तुम्ही तिला म्हणायच्या, "त्याहीले विचार, भाजी वाढू का," आणि मी ताटावर हात आडवा धरून तिलाच सांगायचो, पुरे म्हणावं. आता मधलं माणूसच राहिलं नाही. मागे मी फोन करून पाहिला. तुम्ही उचलला, मी गप्प, तुम्हीही गप्प, आणि बऱ्याच वेळानं तुम्ही ठेवून दिला. (तो मीच होतो. गुडघ्याच्या तेलवाला नव्हता.) म्हणून हे पत्र. दिव्यानी वाचून दाखवत असेल, तर तिला म्हणावं कंसातलं वाचू नको.

वाईट बातमी आधीच सांगतो. वच्छलेचं धान संपलं. काळ्या कुसळाचं, शिजताना चार घरं पलीकडे वास जायचा ते. तुमच्या आईनं लग्नात तिच्या पदरात बांधून दिलेलं. तिनं चौतीस वर्षं युरियाचा दाणा न घालता ते जपलं आणि मी एका बोटानं संपवलं. तेरवीला बायांनी विचारलं, "भाऊ, भाताले कोणतं धान काढू?" मी रडत बसलो होतो. मान वर न करता कोपऱ्यातल्या धान्याच्या ढोलीकडे बोट दाखवलं. मला वाटलं, तिच्या तेरवीला तिच्याच हातचं असावं. बाकीच्या धानाचा तर ती जायच्या आधीच तांदूळ होऊन नागपूरच्या गिऱ्हाइकांकडे गेला होता. ढोलीत होतं ते पुढच्या सालचं बियाणं. शेजारची रुखमा म्हणालीसुद्धा, "भाऊ, याच्यात राख काऊन आहे, निंबाचा पालाही आहे." मी म्हटलं, किडे लागू नये म्हणून असेल. (त्या दिवसातलं तेवढं एक वाक्य मी बरोबर बोललो.) बायांनी पाखडून गिरणीतून भरडून आणलं. पंगतभर तो वास दरवळला. तुम्ही दोनदा भात घेतलात आणि डोळे पुसत म्हणालात की वच्छीच्या हातची चव आहे. दोनदा मीही घेतला. बाई, आपण बियाणं खाल्लं.

खरी गोष्ट अशी की जगाच्या लेखी सेंद्रिय शेतकरी मी आहे. शाल-श्रीफळ घेतानाचे तीन फोटो भिंतीवर आहेत, तिन्ही माझेच. 'माती ही आपली माय आहे' हे भाषण मी तालुक्यात अकरा वेळा दिलं आणि अकराही वेळा ती घरी शेण कालवत होती. गेल्या महिन्यात कॉलेजची पोरं जीवामृत बघायला आली. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, वडाखालची माती, हे मला भाषणापुरतं पाठ. प्रमाण तिच्या हातात होतं, ते हाताबरोबर गेलं. मी ड्रममध्ये सगळं सढळ घातलं आणि पाहुणे शहरचे, वास नको, म्हणून झाकण घट्ट आवळून ठेवलं. (ते सैल ठेवायचं असतं म्हणे.) पाचव्या दिवशी पोरांपुढे मी सांगत होतो की यातले जीव डोळ्यांना दिसत नाहीत पण असतात, आणि तेवढ्यात झाकण उडालं. ते असतात हे मग सगळ्यांना अंगभर कळलं. पोरं हसली. मीही हसलो. पोरं गेल्यावर ड्रम धुताना मात्र मला रडू आलं.

गाईचं तर विचारूच नका. पहाटे गोमूत्रासाठी बादली घेऊन मी तिच्या मागे उभा राहतो आणि ती मान वळवून माझ्याकडे बघत राहते. रुखमा म्हणते, "बाई तिच्याशी बोलत राहे ना भाऊ. तुमी मुक्यानं उभे राहता, मंग ते काऊन देईन?" म्हणून मी बोलायला लागलो. पाऊसपाणी, बाजारभाव, ग्रामसभेचे ठराव, सगळं सांगून झालं, गाय ढिम्म. वच्छला तिच्याशी काय बोलायची ते मी कधी कान देऊन ऐकलंच नाही. हे मला फार लागतं.

बियाणं शोधायला मी कमी फिरलो नाही. कृषी केंद्रात गेलो, तर त्यानं नटीचं चित्र असलेली पिशवी पुढे केली आणि वर रुमाल फुकट देऊ केला. मुलगा पियुष फोनवर म्हणाला, बाबा, दुसरं धान लावा ना, भात तो भातच. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. शेवटी कोणीतरी सांगितलं म्हणून जंगलाच्या कडेला सुकलू म्हणून एक म्हातारा आहे, त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "काळ्या कुसळाचं? आमच्या बापाच्या टाइमाले होतं जी. आता एकाच बाईपाशी भेटते. वच्छलाबाई म्हणून आहे नागभीडकडे. तिले मांगा, नाई म्हणत नाई ते." मी कोण ते त्याला सांगितलं नाही. चहा घेतला. त्यानं सांगितलेला माझ्याच घराचा पत्ता कागदावर लिहून घेतला आणि परत आलो.

रोहिणी आता आठ दिवसांवर आल्या. मृगात रोपांसाठी पऱ्हे टाकले नाहीत तर रोवणीला रोप कुठून आणू? यंदा शेतातल्या बांधीत ते धान लागलं नाही, तर पुन्हा कधीच लागणार नाही.

बाकी पत्राला विशेष कारण नाही. आठवण आली म्हणून लिहिलं.

आपला,
गुणवंत

ता. क. कारण आहे. कापणी झाल्यावर वच्छलेनं लोंब्यांची झालर विणून तुमच्या दारावर लावायला पाठवली होती. चिमण्यांनी काही ठेवली असेल, तर तीत ओंजळभर दाणे निघतील. एकेक रोप लावलं तर अर्धी बांधी होईल, आणि दोन-तीन वर्षांत ढोली भरेल. ती सोडवून दाणे पाठवाल का? तिच्या हातचं शेवटचं तुमच्याकडे तेवढंच आहे, हे मला कळतं. नाही म्हणालात तर राग नाही.

आणखी एक ता. क. तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू. तशीच झालर आमच्याही दारावर होती. चिमण्या लागू नयेत म्हणून वच्छला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती आत आणून ठेवली. या महिन्यात तीनदा मांडीवर घेतली. पहिली गाठ सापडते, पुढे हात चालत नाही. तेव्हा तुमची झालर राहू द्या, तुम्हीच या. ती गाठ तुम्हा दोघी बहिणींना एकाच आईनं शिकवली आहे. तुम्ही सोडवा, मी खाली परात धरून बसतो. एकही दाणा बाहेर पडू देणार नाही.