दुपारी एक ते पाच हवा बंद

४ मार्च
सोसायटीच्या सेक्रेटरींचा निरोप. उद्यापासून दुपारी एक ते पाच टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवायचा. सांडपाण्याच्या प्लांटशेजारच्या इमारतीतल्या मंडळींना घरघरीने झोप लागत नाही म्हणे. म्हटलं, "सर, टाकीतले जिवाणू हवेवर जगतात. सांडपाण्यातली घाण तेच खातात. हवा तोडली तर मरतील." हसले. "जिवाणूच ना, मॅडम? होतील पुन्हा."
रजिस्टरमध्ये लिहून ठेवलं. त्यांनी सही केली नाही.

६ मार्च
खोलीवर आले, पिरंगुटचा ट्रॅफिक अंगात घेऊन. उदगीरहून आईचा फोन. तिला अजून कळत नाही मी काय काम करते. म्हटलं, घाण पाण्यात खालून हवा सोडतो, बुडबुडे येतात, पाणी स्वच्छ होतं. "एवढ्यासाठी बीएस्सी?" मग स्वतःच हसली. "मी पण भज्याचं पीठ फेटते ते हवाच घालते की गं."
खरंय. दिवसभर तेच डोक्यात. पीठ, सायकलची ट्यूब, मावशीच्या घरचा माशांचा पंप. हवा आत आहे तोवर कोणी विचारत नाही.

९ मार्च
पाण्याचा रंग गेला. चहासारखा तपकिरी असायला हवा, तो राखाडी झालाय. काचेच्या भांड्यात अर्धा तास ठेवलं, गाळ खाली बसतच नाही. आता रात्रीही बंद ठेवायला सांगितलंय.
दत्तूभाऊ प्लांटचे पंप बघतात. इथलेच, लवळ्याचे. सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांच्या चुलत्यांची होती. झाकण उघडून बराच वेळ वाकून बघत होते. म्हणाले, "ताई, आमी जुन्या हिरीत उतरायच्या आदी लिंबाची फांदी दोरीला बांधून वरखाली करायचो. आत हवा घालायची. एकदा आळस केला. माजा थोरला भाऊ उतरला..."
झाकण लावून टाकलं. 

१३ मार्च
व्हायचं तेच झालं. ब्लोअर बंद असताना हवा सोडणाऱ्या तळाच्या नळ्यांच्या छिद्रांत गाळ शिरला. आता चालू केला तरी टाकीच्या अर्ध्या भागात एकही बुडबुडा नाही. पाणी काळं. सडक्या अंड्यांचा वास फाटकापर्यंत. रहिवाशांच्या तक्रारी. आता वासाच्या!
सेक्र. म्हणाले, टाकी उपसा, माणसं उतरवून नळ्या साफ करून घ्या. ठेकेदार रविवारी येतो.

१४ मार्च
लेखी दिलं. उपसल्यावर दिवसभर आत ताजी हवा मारायची, गॅस मोजायचा मीटर, कमरेला पट्टा, वर दोरी धरून तीन माणसं. तोवर कोणी उतरायचं नाही.
सेक्र.: "गाळ तर काढायचाय. तुम्ही फार वाचता."

१५ मार्च
पाणी उपसलं. तळाशी गुडघाभर काळा गाळ.
दुपारी दत्तूभाऊ खुशीत. "ताई, वास गेला की!"
मलाही येत नव्हता.  चालत फाटकाबाहेर गेले, दहा मिनिटं उभी राहिले, परत आले. झाकणाजवळ भपकारा असा की डोळ्यांत पाणी. वास गेला नव्हता, आमची नाकं गेली होती. सडक्या अंड्यांच्या वासाचा हा गॅस तेच करतो. वाढत गेला की वास कळेनासा होतो, मग माणूस उभ्याचा पडतो.
दत्तूभाऊंना सांगितलं. चेहरा उतरला. "म्हंजी भावाला बी कळलं नसंल."
झाकणाला कुलूप घातलं.

१६ मार्च, रविवार
ठेकेदाराची दोन माणसं आली. एक दोरी, एक बादली, पायात चपला. मी कुलूप काढत नाही म्हटल्यावर त्यातला मोठा म्हणाला, "मॅडम, रोज का काम है. दो मिनट साँस रोक लेंगे."
सेक्र. फोनवर ओरडत होते, सगळ्यांना ऐकू जाईल असं.  दत्तूभाऊ झाकणावर जाऊन बसले. "मी हितनं उठत न्हाई. काय करायचं ते करा."
माणसं तासभर थांबून गेली. ती आता अशीच दुसरीकडे कुठे उतरतील का, असं वाटत राहिलं.
संध्याकाळी सेक्र.चा मेसेज. उद्यापासून येऊ नका. दत्तूभाऊंना ठेवलंय, त्यांच्याशिवाय पंप कोणाला कळत नाहीत.

१८ मार्च
खोलीवर. दोन ठिकाणी अर्ज पाठवले. जेवण गेलं नाही.
दत्तूभाऊंचा फोन. आत ताजी हवा मारायला काल दिवसभर ब्लोअर मागितला, ऑफिसने त्याच्या पॅनेलची किल्ली दिली नाही. "तुमी नका येऊ, ताई. मी हाय."
मी हाय म्हणजे काय?

१९ मार्च
सकाळी ९:४०. बसमध्ये लिहितेय. 
सव्वानऊला दत्तूभाऊ: "ताई, तीच दोघं आल्यात. ग्राइंडरनं कुलूप कापत्यात." मागे तो कर्कश आवाज. मी ओरडले, "तुम्ही आत उतरायचं नाही. कोणी पडलं तरी मागे उतरायचं नाही. ऐकताय ना?" ते म्हणाले, "व्हय."
मग आवाज थांबला. फोनही.
मदतीच्या नंबरावर सगळं सांगितलं. पलीकडच्या माणसाने विचारलं, "घडलंय का काही, ताई?"
"अजून नाही."
"पत्ता सांगा. गाडी पाठवतो."
बस पिरंगुटच्या चौकात उभी. पुढे कंटेनर आडवा.
दत्तूभाऊंना चौथ्यांदा लावला. वाजतोय.
उतरून रिक्षा पकडते.