पहिल्या वर्गात बसले तेव्हा

आप्पा, तुम्हाला विमानाचं फार अप्रूप होतं. धायरीच्या घराच्या गच्चीवर उभे असताना लांब कुठे विमान उतरताना दिसलं, की हातातलं काम टाकून तुम्ही वर पाहायचात आणि "आत बसलेल्यांना आपण दिसत असू का गं?" असं दर वेळी विचारायचात. नाही दिसत. मी बसून पाहिलंय. पर्वती दिसते, नदी दिसते, माणूस काही दिसत नाही. तुम्ही गेलात त्यानंतर काही वर्षांनी मी विमानाच्या चक्क पहिल्या वर्गात बसून अमेरिकेला गेले, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलंय. नुसतं एवढंच असतं तर केव्हाच मनातल्या मनात सांगून टाकलं असतं. पण त्यात मला लाज वाटावी असं घडलं, म्हणून टाळत आले.

ते दिवस असे होते की हिंजवडीतल्या प्रत्येक कंपनीतून रोज कुणी ना कुणी अमेरिकेला निघालेलं असायचं. कालपर्यंत स्कूटरवर फिरणारी पोरं एकदम डॉलरमध्ये बोलायला लागली होती. कंपनी पाठवायची ती अर्थात स्वस्तातल्या तिकिटावर, गुडघे हनुवटीला टेकवून. त्या वेळी मात्र मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, की विमान जास्तीचं भरलंय, माझी जागा दुसऱ्या कुणाला गेली आहे, तेव्हा मला पुढे, पहिल्या वर्गात बसवलं तर चालेल का? म्हणजे चोरी, दरोडा काही न करता फुकटात. मी चेहरा शक्य तितका गंभीर ठेवून "चालेल" म्हणाले. आत गेले तर खुर्ची कसली, दिवाणखानाच तो. बटण दाबलं की पलंग होणारी. मऊ सपाता, घालून झोपायला पायजमा, हात पुसायला गरम टॉवेल, आणि लग्नपत्रिकेसारखं जाडजूड जेवणाचं कार्ड. बसल्याबरोबर मला तुमची आठवण झाली.

कारण पहिला वर्ग हा शब्द आपल्या घरात तुमचा होता. आजोबांनी रेल्वेत गँगमन म्हणून जन्मभर रूळ ठोकले आणि त्याच रुळांवरून तुम्ही सरकारी अधिकारी म्हणून फर्स्ट क्लासनं जायचात. मला अजून दिसतं. तुम्ही कडक इस्त्रीचा बुशशर्ट घालून, बुटांना आदल्या दिवशी पॉलिश करून खिडकीशी ताठ बसला आहात. कुणीतरी दारातूनच सांगतो, "हा फर्स्ट क्लास आहे हं." तुम्ही वर न बघता म्हणता, "म्हणूनच बसलोय." मग गाडी सुटते, समोरच्या गृहस्थांची चुळबुळ सुरू होते. कुठे चाललात, काय करता, आडनाव काय, मूळ गाव कुठलं. हे सगळे प्रश्न कुठल्या स्टेशनावर जाऊन थांबणार हे तुम्हाला ठाऊक असायचं, म्हणून तुम्ही त्यांना तेवढा प्रवास करूच द्यायचा नाहीत. स्वतःचं पूर्ण नाव, हुद्दा आणि लगेच पुढे, "आम्ही बौद्ध." आई बाहेरचे विजेचे खांब बघत बसायची. आणि तुम्ही जेवणाचा डबा उघडून आधी त्यांच्यापुढे धरायचात. "घ्या, हिच्या हातचं चिकन आहे." बहुतेकांचा नेमका उपास निघायचा. "असं का? आज वार कुठला म्हणायचा?" तुम्ही अगदी साळसूदपणे विचारायचात. मी कानकोंडी होऊन वरच्या बर्थवर चढून बसायचे. एकदाच एका म्हाताऱ्या बाईंनी घेतलं, बोटं चाटली आणि वर पुन्हा मागितलं. त्या बाईंचं कौतुक तुम्हाला महिनाभर पुरलं होतं.

मी एकदा चिडून विचारलंही होतं, की कुणी विचारायच्या आधीच कशाला सांगत सुटता? तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "विचारायच्या आधी बोललं की आपण ओळख करून दिलेली असते. विचारल्यावर बोललं की कबुली दिल्यासारखं होतं." तेव्हा मला ते वकिली वाटलं होतं.

विमानात माझ्या शेजारी एक काका होते. नारायण पेठेतले, नोकरीतून निवृत्त झालेले, काटकुळे, गळ्यात मफलर. अमेरिकेतल्या मुलानं हौसेनं पहिल्या वर्गाचं तिकीट काढून दिलेलं. त्यांनी कुठलंसं बटण दाबलं आणि खुर्चीनं त्यांना हळूहळू आडवं करून पाय वर उचलायला सुरुवात केली. "अहो, अहो, हे थांबेना!" मी पटकन हात घालून खुर्ची पूर्ववत केली आणि "थांबा काका" म्हणाले. ते उठून बसले, चष्मा सारखा केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "मराठी! देव पावला गं बाई. मला वाटलं आता अमेरिकेपर्यंत मुका." लगेच ते अगंतुगंवर आले आणि मलाही ते आवडलं. पुण्यात कुठे राहतेस, म्हणाले. धायरी म्हटलं. "धायरी? तिथे माणसं राहतात?" "आम्ही राहतो," मी म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो. मग मूळचे कुठले, साताऱ्याकडचे. मग आडनाव. मी सांगितलं. त्यांनी ते स्वतःशी एकदा म्हणून पाहिलं.

"हल्ली आडनावावरून काही कळत नाही बघ. म्हणजे तुम्ही देशस्थच की?"

मी "हं" म्हणाले.

त्यात हो नाही आणि नाही पण नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण तुम्ही समोर असता तर एवढंच विचारलं असतंत, की त्यांना काय ऐकू गेलं? ते तर खुशीत येऊन मान डोलावत होते. "तरीच. बोलण्यावरून कळतंच गं."

एकदा हं म्हटलं की पुढचं सगळं ओघानं करावं लागतं. मी आधीच जेवणाला कोकराचं मटण सांगून बसले होते. काका म्हणाले, "मी आपलं शाकाहारी सांगितलंय. आपल्याला दुसरं काय चालणार म्हणा!" थोड्या वेळानं हवाई सुंदरी पांढरंशुभ्र कापड अंथरून ते मटण घेऊन आली. काय वास होता, आप्पा. मी तिला म्हणाले, काहीतरी चूक झाली आहे, मी शाकाहारी आहे. तिनं हातातला कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या खोटेपणाबद्दल तिनं माझी माफी मागितली. मग माझ्यापुढे पनीर आलं. वहाणेचा तळ बरा. गाडीत वेटरला सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात "मटण" सांगणाऱ्या माणसाची मी मुलगी, ते पनीर गुपचूप चावत बसले. नंतर काकांनी पिशवीतून गूळपोळ्या काढल्या. "घे, हिनं केल्यात. तूप लाव वरून. बाहेरच्यांच्या हातचं काही मला जात नाही." मी दोन खाल्ल्या. उत्तम झाल्या होत्या. तुमचा डबा आयुष्यभर ज्यांनी हसतमुखानं परत सारला, तसल्यांच्याच एका डब्यातून मी दुसऱ्या कुणाच्या तरी वाटणीचं खात होते, आणि हे मला त्याच वेळी कळत होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी हे लिहायला बसले नसते. पोळ्या खाता खाता काका मुलाबद्दल सांगायला लागले. हुशार पोरगा, पण हव्या त्या कॉलेजात जागा मिळाली नाही. "कशी मिळणार? सगळ्या जागा तर त्या लोकांना. आपल्या पोरांना हा देश सोडण्याशिवाय गत्यंतर आहे का, तूच सांग. तुलाही झगडावंच लागलं असेल की." त्यांच्या बोलण्यात विखार नव्हता. आज उकडतंय, असं म्हणावं तसं ते सहज म्हणाले. आप्पा, मी त्या जागांपैकीच एका जागेवरून इंजिनिअर झाले. प्रवेशाच्या दिवशी तुम्ही रजा काढून माझ्याबरोबर आला होतात. खिडकीतल्या क्लार्कनं, बिचारा चांगला होता, कुठल्या जागेवर ते आवाज बारीक करून विचारलं आणि तुम्ही मागच्या रांगेला ऐकू जाईल असं खणखणीत सांगितलंत. मी खांबाआड जाऊन उभी राहिले. नंतर रसाच्या गुऱ्हाळात तुम्ही मला तेवढंच झापलंत. "जागा आपली आहे. कुणाची उसनी आणलेली नाही. पुन्हा मान खाली घालशील तर याद राख." आणि मग स्वतःचा अर्धा रस माझ्या ग्लासात ओतलात.

त्या काकांना मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. त्यांना उत्तर नकोच होतं, त्यांचं पोळीकडे लक्ष होतं. मी आपणहून म्हणाले, "खरंय, काका."

ते झोपले, मीही खुर्चीचा पलंग करून पडले आणि वाक्य जुळवत राहिले. उठले की सांगायचं. काका, तुमचा एक गैरसमज झालाय. नको, तुमचा कशाला, मी करून दिलाय. असं चारपाच तऱ्हांनी म्हणून पाहिलं. मध्ये कधीतरी डोळा लागला. जाग आली तर अंगावर पांघरूण होतं आणि काका म्हणाले, "गारठली होतीस, मीच घातलं." माणूस वाईट असता ना, तर सांगणं सोपं गेलं असतं. मी सांगितलं असतं, तो तुसडेपणानं वागला असता, आणि मी तुमच्यासारखी ताठ बसून राहिले असते. हे काका कदाचित खजील झाले असते, कदाचित माफीही मागितली असती, कुणास ठाऊक. मी त्यांना ती संधीसुद्धा दिली नाही. पुढे विमान उतरेपर्यंत आम्ही पुण्यातल्या रहदारीवर बोललो.

ही गोष्ट मी नंतर ऑफिसात कितीदा सांगितली. खुर्चीत आडवे होणारे काका, थांबेना थांबेना म्हणून ओरडणारे. लोक पोट धरून हसायचे. त्यात मी काय केलं, ते कुणाला सांगितलं नाही. पनीरसुद्धा सांगितलं नाही.

बाहेर पडलो तेव्हा त्यांचा मुलगा घ्यायला आला होता. काकांनी त्याला माझं कौतुक सांगितलं, हिनं मला लेकीसारखं सांभाळलं म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "वडील काय करतात तुझे?" तुम्ही नाही आता, एवढं मी सांगितलं. कुठल्या खात्यात होतात, आजोबा काय होते, काही नाही. काका एकदम हळवे झाले. "असते तर केवढा अभिमान वाटला असता गं त्यांना तुझा." मी खाली वाकले आणि त्यांच्या पाया पडले. तुमच्या मी कधी पडले नव्हते. तुम्ही पडू द्यायचा नाहीत. आपण कुणाच्या पायावर डोकं ठेवायचं नाही, समोर उभं राहून हात जोडायचे, असं म्हणून तुम्ही मला दंडाला धरून उभी करायचात.

हे पत्र कुठे पाठवू, असा प्रश्नच नाही. तुम्ही असता तरी मी ते तुमच्या हातात दिलं नसतं, उशीखाली ठेवून दिलं असतं. कारण एक गोष्ट राहिली आहे. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि मला बरं वाटलं.