चिगुसाला सुओमारूच्या स्वाधीन करण्याबाबत

सर्वप्रथम एक तक्रार नोंदवून घ्यावी. माझा धाकटा भाऊ सुओमारू काल माझ्या पांढऱ्या पेल्यातून चहा प्यायला आणि कडेवर ओठांचा लाल रंग ठेवून गेला. राखेने घासूनही तो निघत नाही. योद्ध्याने ओठ रंगवावेत की नाही, यावर शास्त्र मौन आहे. पण दुसऱ्याचा पेला रंगवावा, असे ते खासच म्हणत नाही.

आता मुख्य मजकूर. मी, कुसाकाबे सेइजुन, वय सेहेचाळीस, शिरातोगे घाटातल्या देवळात मुलांना संस्कृत बीजाक्षरे गिरवायला शिकवणारा, फुप्फुसे सोडून बाकी ठणठणीत, कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहीत आहे. कारण आमचे वडील गेन्साई. त्यांचा निरोप आला आहे: "तू गेलास की नात माझी. लाठी धरायचं वय झालंय तिचं." आमच्या खोऱ्यात बापाने लिहून ठेवले नसेल तर पोरके मूल आजोबांच्या घरी जाते. म्हणून लिहितो.

एक. पोथ्या आणि कुंचले देवळाला द्यावेत.

दोन. घर व कोंबड्या शेजारच्या ओत्सुगुबाईंना. त्यांतली काळी कोंबडी माझ्या हातचे दाणे टिपते आणि सुओमारूच्या मागे मागे फिरते. तिचे काय करायचे ते बाईंनी ठरवावे. मी रस्सा सुचवतो.

तीन. माझी जुनी लाठी जाळावी. वडिलांच्या घरी रोज संध्याकाळी भाताचा एकच वाडगा मांडला जाई. आम्ही भावांनी लाठीने लढायचे. जिंकेल तो जेवेल, रडेल तो बर्फात झोपेल. मी थोरला, आणि मीच हरायचो. सुओमारू अर्धा भात बाहीत दडवून माझ्यासाठी आणी. बाही पुरेना, तेव्हा त्याने आमच्या वारलेल्या आईच्या लग्नातल्या लाल झग्याच्या बाह्या आपल्या अंगरख्याला शिवल्या. आज सारे खोरे ज्या झगमगीत बाह्यांवर गाणी रचते, त्यांचा उगम असा शितांत आहे. जिंकणाराही तोच, वाढणाराही तोच. मला निदान उपाशी राहण्याचे पुण्य तरी मिळू द्यायचे होते!

चार. लढाईत वार करण्याआधी सुओमारू त्या वाराचे नाव गर्जून सांगतो. नाव एवढे लांब की समास सोडवेपर्यंत शत्रूने जेवून यावे. तरी शत्रू थांबून ऐकतात. मी दोन अक्षरे शिकवतो, तर पोरे खिडकीतून पळतात. याबद्दल मी त्याला क्षमा केलेली नाही, आणि मेल्यावरही करण्याचा विचार नाही.

पाच. माझी मुलगी चिगुसा, वय आठ, हिला सुओमारूच्या स्वाधीन करावे. काल तिने त्याची बाही ओढली.

"काका, मलापण तुमच्यासारखी मोराची पिसं लावा ना!"

"आधी बाबांना विचार."

"ते नाहीच म्हणणार. त्यांना सगळं पांढरंच लागतं."

"अगं वेडे, पांढऱ्यावरच तर रंग चढतो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, हिला माझ्याकडे दे."

"आणि लाठी?"

"मागितलीन तर शिकवीन. हरली तरी आधी जेवेल."

हे उत्तर मला सुचायला हवे होते. ती हसली, माझ्यासमोर एवढे कधी हसली नव्हती. म्हणून एक अट: तिला माझ्याविषयी सांगताना त्याने विशेषणे वापरू नयेत. त्याच्या विशेषणांपुढे मी टिकणार नाही.

हे सर्व मी वाचून दाखवले आणि साक्षीदारांदेखत सही केली.

कुसाकाबे सेइजुन
साक्षीदार: ओत्सुगु (टोफू करणारी), मोहेई (नावाडी)
शिरातोगे, बुन्का शकाचे अकरावे वर्ष, दहावा महिना

शाई वाळेपर्यंत आणखी थोडे. मागल्या हिवाळ्यात वडील फाटकाशी आले होते. शत्रूंपुढे गर्जणारा सुओमारू एकदम गप्प झाला आणि हात पाठीमागे घेऊन उभा राहिला. त्या हातांनी लाल बाह्यांच्या कडा मुठीत घट्ट धरल्या होत्या. मी मागे होतो, म्हणून मला दिसले. मी पुढे जाऊन त्याच्या शेजारी उभा राहिलो, खोकलो आणि म्हणालो, "आबा, परत जा." ते गेले. पुन्हा येतील. तेव्हा त्याच्या शेजारी मी नसेन. मला काळजी आहे ती एवढीच.